कोण म्हणे?

सर,

आज एका मुलीनं आपल्या आईला नंबर द्यायला साफ नकार दिला, आणि मला तुमची फार आठवण आली. एरवीही येतेच. फळ्याला खडू टेकवला की येते, उत्तरपत्रिका मोजताना येते, कारण तुम्ही त्या मराठीच्या विभागात बसून उर्दूत मोजायचात. पण आजची आठवण निराळी होती. आज तुम्ही समोर असतात तर मी तुमच्याशी आधी भांडले असते आणि मग तुमचंच ऐकलं असतं, नेहमीसारखं.

माझं सांगायचं तर मी जालन्यातच आहे, आपल्याच कॉलेजात. तुमच्याच खुर्चीवर बसते असं लिहिणार होते, पण ती खुर्ची कधीच मोडली, आता चाकांची आली आहे आणि ती फरशीच्या उतारावरून आपोआप खिडकीकडे जाते. शिकवते तेच, जे तुम्ही मला शिकवलंत. पोरांना प्रबंधाची भाषा लिहायला शिकवायची. एम.ए.ला शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक लघुप्रबंध लिहावा लागतो, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची मराठी ही दुसरी भाषा आहे. कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, मोंढ्यातल्या एका मुलाच्या घरी मारवाडी. उरलेली निम्मी टेंभुर्णी-अंतरवालीकडची, म्हणजे माझ्यासारखी. त्यांना वाटतं आपली मराठी पहिली आहे, आणि ‘करून राह्यले’ला खूण केली की त्यांचे चेहरे पडतात. पूर्वी ती अडत अडत लिहायची, आता मोबाईलला सांगितलं की तो दोन मिनिटांत ‘प्रस्तुत अभ्यासाच्या अनुषंगाने’ असं पानभर लिहून देतो. एवढं गुळगुळीत, की वाचताना कुठे हात टेकत नाही. मी त्याच्या कडेला तुमचेच दोन शब्द लिहिते. पोरं गोंधळतात, मला मात्र मजा येते.

तर ही मुलगी. घनसावंगीकडच्या तांड्यावरची, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. मराठी ती शाळेत गेल्यावर शिकली आणि अजूनही तोलूनमापून बोलते. प्रबंधाला तिनं विषय घेतला ढावलो. लग्न झालेली नवरी निघताना घरातल्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, ते ढावलो. आता तांड्यावरही डीजे आला, नवऱ्या मेकअप उतरेल म्हणून बेतानं रडतात, आणि ही गाणी पुरती येणाऱ्या बायका फार थोड्या उरल्या. त्यांत हिची आई एक. कोणता ढावलो आईसाठी, कोणता भावासाठी, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे नुसता हुंदका ठेवायचा, हे सगळं तिनं लेकीला सांगितलं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण जवळजवळ त्या एका बाईवर उभं आहे, आणि ते निघालं तर मागे उरतं ते पुस्तकातून उतरवलेलं.

गेल्या आठवड्यात तिनं कच्ची प्रत आणून दिली. मी वर्षभर त्यांच्या डोक्यात भरवत होते की प्रबंधात ‘मी’ नको, ‘मला वाटतं’ नको, ‘असे आढळते’, ‘असे दिसून येते’ लिहा. या गुणी पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की ऋणनिर्देशात लिहिलं, ‘प्रस्तुत संशोधिकेचे संगोपन तिच्या आईने केल्याचे आढळून येते.’ मी वाचलं आणि मला हसू आवरेना. मग हसू थांबलं आणि मी ती ओळ पुन्हा वाचली. तिनं घाबरत विचारलं, “मॅडम, चुकलं का? तुम्हीच म्हणल्या होत्या ना, ‘मी’ नको.”

चूक तिची नव्हतीच. पण ते पुढे कधीतरी बोलू असं म्हणून मी तिसऱ्या प्रकरणाकडे वळले. तिथे ती ‘माझी याडी सांगते तेच खरे आहे’ असं लिहून बसली होती. याडी म्हणजे आई. मी सवयीनं ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘निवेदक क्र. ४ यांच्या मते’. आमच्याकडे तशी पद्धत आहे. माहिती देणाऱ्याला क्रमांक द्यायचा, नाव घालायचं नाही. आज वर्ग सुटल्यावर ती ते पान घेऊन आली. म्हणाली, “मॅडम, आईला नंबर नाही देणार मी. तिकडं कारखान्यावर आई अन् बाबा दोघं मिळून एक कोयता म्हणून मोजतात. नाव कुणी विचारत न्हाई, किती कोयते आले तेवढंच विचारतात. इथं परत चार नंबर कशाला? आईनं मला विचारलं होतं, माझं नाव छापून येतं का म्हणून. म्या हो म्हणले होते. येत नसंल तर मंग तो भागच काढून टाकते.” आवाज बिलकुल चढला नव्हता. सोमवारी प्रत बांधायला द्यायची आहे. मी म्हटलं, अगं, नियम आहे तसा. ती म्हणाली, “कुणी केला?” नाव झाकायचं ते कुणाला त्रास होऊ नये म्हणून, हे मला माहीत आहे. पण ज्या बाईला आपलं नाव यावं असं वाटतं तिचंही झाकायचं, हे कुठून आलं? आधीच्या मॅडमनी सांगितलं, त्यांना आणखी कुणी. फार तर मला एवढंच म्हणता आलं असतं, की तसं असतं म्हणे.

तुम्हाला आठवतं का माझं पहिलं टिपण? मी टेंभुर्णीच्या वावरांच्या नावांवर लिहिलं होतं. लिंबाचं, हाडकी, म्हातारीचं. तुम्हाला विषय आवडला होता, म्हणून मी जीव ओतून लिहिलं. ‘म्हातारीचं’बद्दल लिहिलं होतं, की तिथे पूर्वी एक म्हातारी एकटीच राखणीला राहायची म्हणे, आणि वावर विकायला निघालेल्या लेकाला तिनं बांधावरून हाकललं म्हणे. वही परत आली तेव्हा पानापानावर तुमच्या लाल पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘कोण म्हणे?’ प्रत्येक ‘म्हणे’ला एक गोल आणि शेजारी तोच सवाल. मी तेव्हा मोठी मानी होते, आणि तुमच्या अक्षराचा राग यावा असंच ते अक्षर होतं, डावीकडे झुकलेलं. मला वाटलं, हा माणूस मला अडाणी म्हणतोय. घरी खेड्यातलं बोलतात म्हणून हसतोय. दिवाळीला गावी गेले ती परतलेच नाही. आईला सांगितलं, मला ती पुस्तकी भाषा जमायची नाही, मी आपली बरी आहे इथे. आई म्हणाली, “बरी हायेस तर वांगी चीर.”

आणि मग एके दिवशी तुम्ही आलात. जाफराबादच्या जीपमधून, मागे पाय बाहेर काढून बसून, पांढऱ्या शर्टावर फुफाटा. खिशाला ती लाल-निळी पेन्सिल. नेमकी त्या दिवशी बैठकीत माझ्या चुलतबहिणीच्या सोयरिकीची माणसं बसली होती, बाबा त्यांच्यात अडकलेले, तुम्हाला बसवायला जागा नाही. तुम्ही म्हणालात, मला चुलीपाशी चालेल. प्राध्यापक माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसलेला बघून आईला पदर कुठे घ्यावा कळेना. तिनं गरम भाकरी वाढली, वांग्याची भाजी, शेंगदाण्याचा ठेचा. तुम्ही खात होता आणि कान बैठकीकडे होते. भिंतीपलीकडून बाबांचा आवाज येत होता. “आता आमच्या ऐकण्यात असं आलंय, की पोरगं जरा तापट हाय. खरं-खोटं देवाला ठाऊक. पण चार लोकांचं म्हणणं पडलं, ते तुमच्या कानावर घातलेलं बरं.” तुम्ही घास हातातच धरून माझ्याकडे बघितलंत. “ऐकलं का? तुझा बाप एकदा तरी ‘मी’ म्हणला का? कुणाला दुखावलं न्हाई, खात्री न्हाई तिथं जपून बोलला, अन् बोलायचं ते बराबर बोलला. ह्यालाच प्रबंधाची भाषा म्हणतात. पुण्याहून न्हाई आणावी लागत. चुलीपाशी एक बोलतो आपण अन् सोयऱ्यासमोर एक, एवढंच.”

तुम्ही आणखी एक भाकरी मागून घेतलीत, आणि म्हणालात, “फक्त एक कसर राह्यली. ते चार लोक कोण, हे त्यानं सांगितलं न्हाई.” मग आईकडे वळलात. “वहिनी, ते म्हातारीच्या वावराचं तुम्हाला कोण म्हणलं?” आई म्हणाली, “माझी सासू. सासूला तिच्या सासूनं सांगितलेलं.” “म्हातारी तुम्ही पाह्यली?” “म्या कुठून पाहीन? पण तिची चूल व्हती तिथं बांधाला. तीन दगडं. ते म्या सोता पाह्यले.” तुम्ही खिशातली पेन्सिल काढली, भाजीचा हात मागे धरून आईचं पूर्ण नाव विचारलंत, वय, गाव, माहेरचं गाव. आणि माझ्या त्या टिपणाच्या पानावर, तळाशी, रेघ मारून ते सगळं लिहिलंत. ती माझ्या आयुष्यातली पहिली तळटीप. मला म्हणालात, “म्या तुला ‘म्हणे’ खोड म्हणलो न्हवतो. कोण म्हणे, ते विचारलं होतं. तू रुसून बसली.”

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं मला ते वाचून दाखवायला लावलं, दोनदा. मग तवा खाली उतरवला आणि म्हणाली, “म्हंजे आता हे माझ्यावर आलं. खोटं निघालं तर मला धरतील.” तुम्ही म्हणालात, हो, तसंच. आई म्हणाली, “मंग थांबा. तीन दगडं लिहू नका. दोनच व्हते. तिसरा म्या ठिवला मागून, लेकरं संग असायची तर भाकरी गरम करायला.” तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला आणि बैठकीतली माणसं डोकावून बघू लागली. आम्हा सगळ्या घराला ती गोष्ट तीन दगडांसकट पाठ होती, आणि आईनंही ती तशीच सांगितली असती मरेपर्यंत, जर खाली तिचं नाव आलं नसतं. तुम्ही जाताना मला एवढंच म्हणालात, सोमवारी ये, आणि मी सोमवारी आले. चुलतबहिणीची ती सोयरीक मोडली, बरं झालं, पोरगं खरंच तापट होतं असं पुढे कळलं.

त्यानंतर मला त्या भाषेचं वेडच लागलं, आणि वेड लागल्यावर माणूस जे करतो ते मीही केलं. जिथे तिथे ‘असे आढळते’. एकदा तापानं पडले तर मैत्रिणीच्या हाती चिठ्ठी दिली, ‘प्रस्तुत विद्यार्थिनीस ताप आल्याचे दिसून येते.’ तुम्ही तिच्याच हाती उलट निरोप पाठवलात, “तिला विचार, ताप तिला आला का तिनं लांबून पाह्यला?” आणि बरी होऊन आल्यावर सगळ्यांसमोर झापलंत. “पाऊस पडून राह्यला तर पडतो म्हणावं. छत्री उघडायला अभ्यास लागत न्हाई. जे तुझं सोताचं हाय तिथं लपायचं न्हाई.” त्या दिवशी मला तुमचा पुन्हा राग आला होता, पण वर्गातून उठून गेले नाही. तुमची शाळा निजामाच्या अमदानीत उर्दूत झालेली, मराठी लिहायला तुम्ही मोठेपणी बसलात, म्हणून अक्षर असं उलटं झुकतं, हे मला फार उशिरा कळलं. निवृत्त झालात त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. जुन्या जालन्यातल्या तुमच्या घरी आम्ही पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही म्हणालात, “म्या बी ही भाषा बाहेरूनच आणली, बाई. पाहुण्याच्या घरी जपून वावरतो तसा चाळीस वर्षं वावरलो.” आणि खिशातली पेन्सिल काढून मला दिलीत. लाल बाजू झिजून नखाएवढी राहिलेली, निळी जवळजवळ कोरी. “चुका दाखवण्यात लाल संपली. चांगलं लिहिलेल्याला निळी रेघ मारायची म्हणून घेतली होती, पण मारायची राहून गेली. ती तू मार.”

आज ती पेन्सिल मी ड्रॉवरमधून काढली. मुलीला बस म्हटलं, आणि तिला तुमची, माझ्या आईची, त्या दोन दगडांची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती, पण चेहरा सैल होत नव्हता. मी ‘निवेदक क्र. ४’ खोडलं, पानाच्या तळाशी रेघ मारली आणि म्हटलं, इथे आईचं नाव लिही, पूर्ण. वय, तांडा, तालुका. तिनं विचारलं, “अन् पुढं ‘संशोधिकेची आई’ असं लिहू?” मी म्हटलं, मजकुरात नको. नातं सुरुवातीला मनोगतात एकदा सांग, लपवायचं नाही. पण इथे ती कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. इथे ती ढावलो जाणणारी बाई आहे, तिच्या स्वतःच्या नावाची, आणि तू तिच्या नावानं बोलते आहेस. मुलगी म्हणाली, “फॉर्मवर आईचं नाव लई वेळा लिहिलं मॅडम. पण ते माझ्या नावाखाली असतं.” मग तिनं ते लिहिलं, हळूहळू, आणि लिहून झाल्यावर व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. मला गोरमाटी येत नाही. मला फक्त आईचं नाव तेवढं कळलं, ते दोन-तीनदा आलं.

परत आली ती डोळे पुसत, पण हसत होती. “आई म्हणती, नाव येणार असंल तर एकटीचं नको. तिला मावशीनं शिकवलं, मावशीचं घालायचं. मावशी वारली, तरी घालायचं म्हणती.” म्हणजे तळटीप आता दोन ओळींची झाली. तुम्ही हवे होतात, सर. तुम्ही अजून विचारलं असतं, मावशीला कुणी शिकवलं, आणि प्रबंध सोमवारी बांधायला गेलाच नसता. ऋणनिर्देशातली ती संगोपनाची ओळ मी तिला पुन्हा वाचायला दिली आणि एवढंच सांगितलं, हे तू लांबून पाहिलंस का? ती लाजली. तिथेच बसून लिहिलं, ‘मला माझ्या याडीनं वाढवलं.’ मी त्याखाली निळी रेघ मारली. विभागप्रमुखांना चालेल का, बाहेरून येणारे परीक्षक काय म्हणतील, ते बघू. विचारलं तर म्हणेन, चार लोकांचं असं म्हणणं पडलं, आणि चौघांचीही नावं सांगेन.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घराच्या जागी आता मोबाईलची दुकानं झाली आहेत. लिहून झालं की प्रबंधांच्या कपाटात ठेवून देईन, आणि तुम्ही वाचलं असतं तर ‘मी’ कितीदा आला म्हणून लाल केलं असतं, हेही मला ठाऊक आहे. एकच गोष्ट राहिली. तुम्ही गेलात तेव्हा मी परभणीला होते, पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तुमच्या सूनबाई मला दारातच भेटल्या. म्हणाल्या, “शेवटी शेवटी तुमचं नाव घेतलं म्हणे त्यांनी, पोरगी सोमवारी येईल म्हणाले म्हणे.” त्या स्वतः तेव्हा माहेरी गेलेल्या होत्या. इतकी वर्षं मी दरेक पोराच्या वहीत तुमचा सवाल लिहीत आले, एकाला सोडलं नाही. पण त्या दिवशी दारात मी नुसती मान हलवली, आणि कोण म्हणे, हे आजवर कुणालाही विचारलेलं नाही.